ओल्या राखेतला व्हॉल्व्ह

हनुमान मिस्तरीशी गप्पा मारायला बसलेला माणूस व्हॉल्व्हचं पुराण ऐकल्यावाचून उठला, असं चिकलठाण्यात कुणाला आठवत नाही. लग्नाची पंगत असो की न्हाव्याचं दुकान, विषय निघायचा पावसाचा आणि पोचायचा इंजिनात.

"इंजिनात दोन जातीचे वॉल असतेत," तो सुरू व्हायचा. "एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर काढणारा. आत घेणारा म्हंजी सासरवाडीला आलेला जावई. त्याला सारखी गार हवा. बाहेर काढणारा म्हंजी घरातली थोरली सून. सगळा जाळ तिच्या तोंडावर. सातशे डिग्रीत लालबुंद हून दिवसभर उघडझाप, उघडझाप. साधं पोलाद तिथं मेणावानी मऊ पडंल."

एवढं झालं की तो खिशातून लोहचुंबक काढी. व्हॉल्व्हच्या दांड्याला ते टचकन चिकटे आणि डोक्याला लावलं की सुटून खाली पडे. दांडा एका पोलादाचा, डोकं दुसऱ्या, जाळ सोसणाऱ्या पोलादाचा, आणि दोन्ही असे जोडलेले की सांधा दिसू नये. ऐकणाऱ्याचा चहा तोवर निवून गेलेला असे. डोक्याचा जो काठ दर वेळी खाली आपटून बसतो, त्याच्यावर हनुमान कोबाल्टच्या मिश्रधातूची कड चढवी. तीच त्याची विद्या. गॅसच्या ज्योतीत काठ तापवायचा, घामासारखा ओलसर दिसला की कांडी टेकवायची आणि व्हॉल्व्ह फिरवत फिरवत गोल बंद करायचा. जाळ सोसायचं बळ त्या कडेत.

"त्या सुनंला कोबाल्टची कड लावता," त्याची बायको रत्नमाला एकदा चार माणसांत म्हणाली, "घरच्या सुनंला काय लावलं?" लोक हसले, हनुमानही हसला, आणि लगेच दुसऱ्या व्हॉल्व्हबद्दल बोलू लागला. शहाणा माणूस.

त्याचा जन्म पिशोरच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. घर मेंढपाळाचं. तरुणपणी भावाबरोबर कळप घेऊन तो चिकलठाण्याच्या माळावर यायचा, शेतात खतासाठी मेंढ्या बसवायला. दर वर्षी माळ थोडा आखूड व्हायचा. कुठं कुंपण, कुठं पत्र्याची शेड. एका वर्षी मेंढ्या शेडच्या सावलीला बसल्या आणि खिडकीतून ह्याला निळी ज्योत दिसली. भाऊ मेंढ्या घेऊन गेला, हा खिडकीतच राहिला. शेड केशवरावांची. केशवराव धातुशास्त्र शिकलेले, कंपनीच्या प्रयोगशाळेत कंटाळून स्वतःचा धंदा काढलेले. त्यांच्या घराण्यात आजोबांपर्यंत भिक्षुकी होती. केशवरावांनी अग्नीची सेवा काही सोडली नाही, होमाच्या जागी भट्टी आली एवढंच. त्यांनी हनुमानला ज्योत धरायला शिकवलं आणि दोन नियम डोक्यात घट्ट बसवले.

पहिला नियम राखेचा. कड चढवलेला व्हॉल्व्ह उघड्यावर ठेवायचा नाही. तापलेला असतानाच कोरड्या, ऊन राखेच्या पिंपात पुरायचा आणि तिथंच सावकाश निवू द्यायचा. घाईनं निवला की कडेला तडा जातो, आणि तडा केसाहून बारीक, डोळ्याला दिसत नाही. म्हणून दुसरा नियम लाल रंगाचा. निवलेल्या व्हॉल्व्हला लाल रंग लावायचा, पुसायचा, वरून पांढरी पूड मारायची आणि थांबायचं. तडा असला तर आत मुरलेला रंग पांढऱ्यावर उमटून येतो. "राख आणि रंग," केशवराव म्हणत, "बाकी देवावर सोड."

हनुमाननं बाकीही देवावर सोडलं नाही. माझ्या हातून गेलेला व्हॉल्व्ह कधी परत आला नाही, ही त्याची फुशारकी होती, आणि ती खरी होती. माणसाला एका गोष्टीची तरी घमेंड असावी. तिच्यावाचून पाठीचा कणा ताठ राहत नाही.

मग दोन हजार तेराचा उन्हाळा आला.

पाऊस आदल्या वर्षीच पाठ फिरवून गेला होता. शेडमागच्या ज्या खोलीत हनुमान आणि रत्नमाला राहत, तिथं नळ आठवड्यातून एकदा खोकल्यासारखा वाजे आणि गप्प होई. समोरच्या मोकळ्या जागेवर मात्र बिल्डरची इमारत मजल्यावर मजला चढत होती आणि तिच्या कॉंक्रीटला टँकरनं पाणी मारलं जात होतं. सिमेंटला तहान लागते, माणसाला कळ सोसता येते, असा काहीतरी हिशेब असावा. गल्लीत बायका आंघोळीच्या पाण्यात कपडे बुचकळत, कपड्यांच्या पाण्यानं फरशी पुसत आणि उरलेलं कढीपत्त्याच्या झाडाला घालत. भांडी कोरडीच घासायची, राखेनं, आणि फडक्यानं पुसून काढायची.

पण राख आणायची कुठून? घरोघरी गॅस आला होता, चुली कधीच मोडल्या होत्या. गोवरीची राख सबंध गल्लीत एकाच ठिकाणी होती: हनुमानच्या पिंपात. चाळलेली, मऊ, रांगोळीसारखी. पहिल्यांदा शेजारीण डबा घेऊन आली, मग तिची जाऊ, मग पलीकडची गल्ली. रत्नमालाला नाही म्हणता येईना. मांडणीवरच्या चकचकीत भांड्यांना नाही म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे.

पिंप खाली जायला लागलं तशी रत्नमालाला काळजी पडली. नवऱ्याच्या कामात खोट नको. तिनं तोडगा काढला. सगळ्या गोष्टी दोनदा वापरायच्या दिवसांत राख एकदाच का वापरायची? भांडी घासून खरकट्यानं ओलसर झालेली राख बायकांकडून परत घ्यायची, पत्र्यावर उन्हात वाळवायची आणि पिंपात टाकायची. पिंप पुन्हा काठोकाठ. तिला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं, आणि वाटायला हवंच होतं. वरून ती राख कोरडी ठणठणीत लागे. पोटात मात्र ओलसर गठ्ठे राहून गेले होते.

त्याच आठवड्यात अप्पाराव आले. एकच टँकर, त्याचे मालक तेच आणि ड्रायव्हरही तेच. टँकर पिशोरकडच्या वस्त्यांना पाणी टाकायचा, त्यात हनुमानच्या वस्तीची विहीरही होती. विहीर आटलेली. टँकर तिच्यात पाणी ओतणार आणि मग लोक शेंदून घेणार, अशी तऱ्हा. जुनी गाडी उसंत न घेता पळत होती आणि तिचे दोन एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर काढणारे, व्हॉल्व्ह जळाले होते.

"मिस्तरी, काय बी कर, पण गाडी उद्या सकाळी लागली पायजे," अप्पाराव म्हणाले. "तुझीच माय विहिरीवर हंडा घिऊन बसल्याली असती."

हनुमाननं दोन्ही व्हॉल्व्हना कड चढवली आणि राखेत पुरले. सकाळी काढले तर अप्पाराव पान्हा हातात घेऊन दारातच उभे. रंग लावायचा, थांबायचं, एवढा दम कुणाला होता? आणि आजवर कधी तडा गेला होता? हनुमाननं काठ घासून चकाकवले, स्वतः इंजिनात बसवले आणि टँकर धूर उडवत निघून गेला. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं. आपल्या हातानं आईच्या विहिरीत पाणी पडतंय म्हटल्यावर कुणालाही वाटेल.

चार-पाच दिवसांनी बोअरवेलच्या गाडीचा एक व्हॉल्व्ह आला. ह्या वेळी घाई नव्हती, म्हणून हनुमाननं रीतसर रंग लावला, पुसला, पूड मारली आणि बिडी शिलगावली. बिडी अर्धी झाली आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. त्यानं पुसून पुन्हा केलं. पुन्हा रेघ. बिडी कुठं टाकली ते त्याला कळलं नाही. तो पिंपाशी गेला आणि कोपरापर्यंत हात घातला. तळाशी राखेचे गोळे हाताला लागले, गार आणि ओले.

"ही राख कुणी टाकली?"

रत्नमालानं सरळ सांगितलं. लपवण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं. कशी परत घेतली, कशी वाळवली, पिंप कसं भरलेलं ठेवलं, सगळं. अर्ध्यात हनुमानचा तोल गेला.

"तुझ्या भांड्यापायी माझं नाव मातीत गेलं," तो ओरडला. "तुला कुणी सांगितलं व्हतं अक्कल चालवायला?"

गल्लीतल्या दोन बाया डबे घेऊन आल्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि डबे मागं लपवून परत फिरल्या. रत्नमालानं पदर खोचला आणि आत गेली. तिचं ते न बोलणं हनुमानच्या ओरडण्यापेक्षा मोठं होतं, पण त्याला ते त्या वेळी ऐकू आलं नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच वाजू लागलं होतं. अप्पारावांचे दोन व्हॉल्व्ह ह्याच राखेत निवले होते.

केशवराव पुण्याला मुलीकडे, सईकडे, गेले होते. हनुमाननं फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"रंग लावला होतास?"

"नाय साहेब. घाईत..."

"मग आता घाई कर. तडा गेलेली कड जाळात किती दिवस टिकेल हे मलाही सांगता येणार नाही. तुकडा उडाला की खाली पिस्टनवर पडणार, आणि मग इंजिनच संपलं. ते व्हॉल्व्ह बाहेर काढ."

अप्पारावांना फोन केला तर ते म्हणाले, गाडी झकास पळतीय, डोकं खाऊ नको, आणि ठेवून दिला. आता काय होणार हे हनुमानला लख्ख दिसत होतं. गाडी चढावर बंद पडणार आणि ऐन वैशाखात वस्तीची विहीर कोरडी राहणार. सांगायला जावं तर आजवरचं नाव स्वतःच्या पायानं चालत जाऊन बुडवायचं, तेही जन्मगावी, आईच्या डोळ्यांदेखत. न सांगावं तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित दोन्ही व्हॉल्व्ह धड असतील. हा कदाचित फार गोड असतो. हनुमान त्याच्याजवळ थोडा वेळ बसला आणि मग उठला, कारण आई विहिरीवर हंडा घेऊन बसते हे त्याला माहीत होतं.

नवे दोन व्हॉल्व्ह करून न्यायचे तर आधी कोरडी राख हवी. रत्नमाला बोलत नव्हती, पण हात थांबलेले नव्हते. ती गल्लीत गेली आणि घराघरातून न वापरलेली राख मागून आणली. बायकांनी डबे मुकाट्यानं उपडे केले. मग तिनं अंगणात तीन विटा मांडल्या, मोठी कढई चढवली आणि राख भाजायला घेतली, बेसनाच्या लाडवाला बेसन भाजावं तशी, खमंग वास येण्याची वाट न बघता. गठ्ठा दिसला की उलथन्यानं मोडी. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, आज काय गोडाधोडाचं? रत्नमालानं तिच्याकडं असं बघितलं की म्हातारी घरात गेली.

तसल्याच दोन जुन्या व्हॉल्व्हवर हनुमाननं कड चढवली आणि ते भाजलेल्या ऊन राखेत पुरले. सकाळी काढून रंग लावला. पांढरी पूड पांढरीच राहिली. त्यानं व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळले, हत्यारांची पेटी उचलली, रंगाची बाटली आणि पुडीचा डबा घेतला. दारात रत्नमाला चप्पल घालून उभी.

"तू कुठं?"

"माझं नाव निघंल तिथं," ती म्हणाली. "मागं बोललेलं मला चालणार नाय. तोंडावर काय बोलायचं ते बोला. तुमच्या मायसमोर."

पिशोरच्या एसटीत दोघं शेजारी बसली आणि खिडकीतून एकाच बाजूला बघत राहिली. हनुमानला दोनदा वाटलं, बोलावं. काय बोलावं ते सुचलं नाही. व्हॉल्व्हखेरीज दुसऱ्या विषयावर बोलायची सवय नसली की असं होतं.

वस्तीवर पोचली तेव्हा टँकर नुकताच विहिरीत रिकामा झाला होता. बायका कठड्याला कोंडाळं करून शेंदत होत्या. आई, मंजुळाबाई, दोन हंडे भरून बाजूला टेकली होती. पोराला बघून तिचा चेहरा फुलला. "कंपनीतून रजा मिळाली व्हय रं?" तिनं विचारलं. शेडला ती कंपनीच म्हणायची, आणि वस्तीवर तिच्या शब्दाला मान होता.

अप्पाराव लिंबाखाली भाकरी खात होते. हनुमाननं समोर उभं राहून सांगितलं, व्हॉल्व्ह कच्चे असू शकतात, इंजिन खोलावं लागेल.

"आत्ता?" अप्पारावांचा घास हातातच राहिला. "अजून एक खेप हाय. गाडी कुठं बंद पडलीय?"

"पडल्यावर खोलून उपयोग नाय, आप्पा. मग नवं इंजिनच बघावं लागंल. आत्ता खोललं तर दिवस मावळायच्या आत लावून देतो. वॉल आणल्यात."

शेंदणाऱ्या बायका थांबल्या. दुसरी खेप पलीकडच्या वस्तीची होती आणि तिथली दोन माणसं तिथंच उभी होती. त्यांनी हनुमानला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. हनुमाननं मान खाली घालून ऐकलं, पण टँकरसमोरून हलला नाही. शेवटी अप्पारावांनी भाकरी गुंडाळली आणि रेडिएटरचं पाणी एका घमेल्यात सोडलं. त्या पाण्यावर हनुमानच्या भावाच्या मेंढ्या चाल करून आल्या, तशी अप्पारावांनी घमेल्याशेजारी काठी घेऊन राखणच धरली. सगळी वस्ती हसली. तेवढंच हवं होतं, राग जरा उतरला.

इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेलं वरचं झाकण, उतरायला दुपार झाली. रत्नमाला लांब, सासूशेजारी बसून होती. हनुमान एकटाच पेटीशी आणि इंजिनाशी ये-जा करत होता, तेलानं कोपरापर्यंत काळा झालेला. दोन्ही व्हॉल्व्ह काढून त्यानं पोत्यावर ठेवले. डिझेलनं धुतले, लाल रंग लावला, पुसला, पूड मारली. वस्ती गोल करून उभी राहिली.

पहिला पांढराच राहिला. अप्पारावांच्या ओठांवर हसू आलं. पलीकडच्या वस्तीचा एक जण खाकरला.

दुसऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग एक लाल ठिपका दिसला, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता काठापासून आत जाणारी रेघ उमटली. अप्पारावांनी वाकून बोट लावलं. बोट लाल झालं.

"आयला," ते हळूच म्हणाले. त्यांनी इंजिनाच्या उघड्या पोटाकडं बघितलं, रिकाम्या टँकरकडं बघितलं आणि मग हनुमानकडं. "हे झालं कसं, मिस्तरी? तुझ्या हातून?"

"राख ओली व्हती," हनुमान म्हणाला.

"कामून ओली? राखंच्या पिंपाला दुसऱ्या कुणी हात लावला व्हता का?"

मंजुळाबाई उठून जवळ आली होती. तिच्या मागं रत्नमाला, पदर हनुवटीशी घट्ट धरून. वस्तीवरच्या बायका हनुमानकडं बघत नव्हत्या, तिच्याकडं बघत होत्या. घरातली गोष्ट बिघडली की आधी कुणाकडं बघायचं हे सगळ्यांना पाठ असतं. हनुमाननं तिच्याकडं बघितलं. अंगणातली कढई, तिच्या डोळ्यांत गेलेली राख, ओरडताना स्वतःचाच आवाज, सगळं त्याला एकदम आठवलं आणि त्याला मनापासून लाज वाटली.

"राख ओली हाय का कोरडी, ते बघायचं काम माझं," तो म्हणाला. "आणि बघायचं ऱ्हायलं तरी हा रंग लावला असता तर सकाळीच कळलं असतं. मी लावला नाय. माझ्या हातून काय चुकतंय, असं वाटलं मला. चूक माझीच हाय, आप्पा. दुसऱ्या कुणाची नाय."

मंजुळाबाईनं खाली वाकून तो लाल रेघेचा व्हॉल्व्ह उचलला, उलटसुलट करून बघितला आणि परत पोत्यावर ठेवला.

"मग बसलास कामून?" ती पोराला म्हणाली. "लाव की."

हनुमान नवे व्हॉल्व्ह घेऊन उतरवलेल्या हेडवर वाकला. त्यानं एक बसवला, दुसरा बसवला, हेड चढवलं आणि न बघताच पान्ह्यासाठी हात मागं नेला. पेटी लांब होती, हे तो विसरला होता. हात तसाच हवेत राहिला.

पेटी फरफटत जवळ आल्याचा आवाज झाला. रत्नमाला मातीत मांडी घालून पेटीशेजारी बसली होती.

"कितीचा देऊ?" तिनं विचारलं.

कालपासून ती आपण होऊन त्याच्याशी बोलली ती ही पहिली गोष्ट. सबंध जन्मात व्हॉल्व्हवर एवढं बोललेल्या त्या माणसानं एकच शब्द काढला.

"सतराचा," तो म्हणाला.

तिनं पेटीत हात घातला, आकडा उन्हाकडं धरून वाचला आणि पान्हा त्याच्या तळहातावर ठेवला.